एक चमचा म्हणजे किती ग्रॅम? आधी सांगा, कुठला चमचा आणि कशाचा

मेलबर्नहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आईच्या वहीत सगळं 'मोठा चमचा', 'लहान चमचा' आणि 'वाटी' या मापात आहे, अमेरिकन पाककृतींत टेबलस्पून आणि कप असतात, आणि घरात आता डिजिटल काटा आलाय. तर मैदा, साखर, लोणी, तूप, सोडा, मीठ, मसाले या सगळ्यांचा एक चमचा म्हणजे किती ग्रॅम, याचा एकच तक्ता द्या. शिवाय तक्रार अशी की बिनअंड्याचा तोच कोको केक एकदा झकास होतो आणि एकदा मधोमध बसतो, आणि आईची नानकटाई ट्रेभर पसरते.

आकडे देते. पण नुसत्या आकड्यांनी तुमचा केक सुधारायचा नाही. सतरा वर्षं मी घरून ऑर्डरी घेते आणि सुट्टीत वर्ग चालवते. वर्गाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना एकाच डब्यातून, एकाच चमच्यानं, 'एक चमचा मैदा' काढून काट्यावर ठेवायला सांगते. गेल्या वेळी सर्वात कमी ७ ग्रॅम आला आणि सर्वात जास्त १७. कुणीच चुकलं नव्हतं. कुणी सुरीच्या पाठीनं सपाट केला, कुणी डब्याच्या कडेला दाबून घेतला, आणि एका काकूंनी लग्नघरात वाढतात तसा शिगोशीग भरला.

चमचा जागा मोजतो, वजन मोजत नाही, म्हणून 'चमच्याचे ग्रॅम किती' हा प्रश्न तीन गोष्टी ठरल्याशिवाय सुटत नाही: चमच्यात किती मिली मावतं, त्यात काय भरलंय आणि ते कसं भरलंय.

तुमच्या केकचा घोटाळा मला पहिल्याच गोष्टीत दिसतो. तुम्ही लिहिलंय की घरात मापाच्या चमच्यांचे दोन संच आहेत, एक भारतातून नेलेला आणि एक तिथे घेतलेला. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलीचा असतो. बाकी बहुतेक ठिकाणी, आपल्याकडे मिळणाऱ्या संचातही, तो १५ मिलीचा असतो आणि अमेरिकेत नेमका १४.८. लहान चमचा, म्हणजे टीस्पून, सगळीकडे ५ मिली धरायला हरकत नाही. म्हणजे तुमच्या तिथल्या मोठ्या चमच्यात चार लहान चमचे बसतात आणि भारतातून नेलेल्यात तीन. आता तो केक बघा: अमेरिकन पद्धतीत दीड कप मैदा, एक कप साखर, ३ टेबलस्पून कोको, ५ टेबलस्पून तेल, एक टेबलस्पून व्हिनेगर, एक टीस्पून सोडा, एक कप पाणी. ऑस्ट्रेलियातल्या चमच्यानं तेल ७५ मिलीऐवजी १०० मिली गेलं, व्हिनेगर आणि कोकोही एक तृतीयांशानं वाढले, सोडा मात्र तेवढाच राहिला. त्यात तुमचा कप २५० मिलीचा आणि अमेरिकन कप २३७ चा. कप सगळ्याच जिन्नसांना सारखा फुगला तर फारसं बिघडत नाही, पण काही जिन्नस कपानं आणि काही चमच्यानं असले की प्रमाण मोडतं. ज्या दिवशी भारतातला संच हाताशी आला त्या दिवशी केक झकास, आणि तिथला आला त्या दिवशी बसला. माझी तरी पैज याच्यावर.

जाता जाता, जपानी पाककृतीतला कप २०० मिलीचा असतो आणि तांदळाच्या कुकरबरोबर येणारं मापटं १८० मिलीचं. त्या मापट्यानं केक करणाऱ्या दोघीजणी मला भेटल्यात.

म्हणून पहिलं काम काट्याचं नाही, चमच्यांचं. औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणा, सुईशिवाय. पाणी भरून घरातल्या प्रत्येक चमच्यात काठोकाठ सोडा, आणि किती मावलं ते चमच्याच्या दांड्यावर पक्क्या शाईनं लिहून ठेवा. सिरपच्या बाटलीवरचं खुणा असलेलं टोपणही चालतं. माझ्याकडचा चहाचा चमचा ३.५ मिलीचा निघाला, पोहे खायचा ९ चा, आणि सासूबाईंची तेलाची पळी ३२ ची. तुमच्याकडे वेगळे आकडे येतील, आणि तेच महत्त्वाचं आहे.

आता दुसरी गोष्ट, काय भरलंय. इथे तक्त्याऐवजी मी एक आकडा लक्षात ठेवायला सांगते: एका मिलीला किती ग्रॅम. तो माहीत असला की चमचा कुठलाही असो, मिलीनं गुणलं की झालं. पाणी १, दूध १.०३, म्हणजे जवळपास पाणीच. तेल ०.९२, पातळ केलेलं तूप ०.९१. मध १.४, काकवीही त्याच्या जवळपास, कंडेन्स्ड मिल्क १.३. साखर ०.८५ च्या आसपास. मैदा सैल भरून सपाट केला तर ०.५३, कॉर्नफ्लोअर तेवढंच. पिठीसाखर ०.५, रवा ०.७, कोको जेमतेम ०.३६ ते ०.४. बारीक मीठ मात्र १.२, पाण्यापेक्षा जड.

१५ मिलीच्या चमच्यानं हेच सांगायचं तर मैदा ८ ग्रॅम, साखर १२ ते १३, पिठीसाखर ७ ते ८, रवा १० ते ११, कोको ५ ते ६, मिल्क पावडर ७ ते ८, तेल आणि पातळ तूप १३ ते १४, लोणी १४, मध २१. एकाच चमच्यात कोको ५ आणि मध २१! चौपट फरक. म्हणून 'एक टेबलस्पून म्हणजे १५ ग्रॅम' असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे थांबा. ते पाण्यापुरतं खरं आहे आणि दुधापर्यंत चालवून घेता येईल. मैद्याला लावलं तर जवळजवळ दुप्पट मैदा जाईल.

लोण्याची एक सोपी युक्ती. अमेरिकेत लोण्याची कांडी ११३ ग्रॅमची असते आणि तिच्या कागदावर आठ टेबलस्पूनच्या रेघा छापलेल्या असतात. म्हणून ते लोक लोण्याला चमचा लावतात, प्रत्यक्षात सुरीनं कापतात. आपल्याकडची वडी १०० ग्रॅमची. तिचे डोळ्यानंच सात तुकडे केले की एक तुकडा एक टेबलस्पून. फ्रीजमधलं घट्ट लोणी चमच्यात दाबून बसवायचा खटाटोप कुणी करू नये. फक्त वडी खारी असेल तर पाककृतीतलं मीठ कमी करा.

तिसरी गोष्ट, कसं भरलंय. दाणेदार साखरेला याचा फारसा फरक पडत नाही, ती दाबली तरी दबत नाही. पिठांना फार पडतो. डब्यात बसलेला मैदा २४० मिलीच्या कपानं सरळ उपसला तर १४० ते १५० ग्रॅम येतो, तोच चमच्या-चमच्यानं हलका भरून सपाट केला तर १२० ते १२५. बेसन चाळल्यावर आणखी हलकं होतं आणि गुठळ्यांचं असलं तर जड. चमचा सपाट करूनच मोजायचा हा आग्रह बॉस्टनच्या फॅनी फार्मर या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धरला आणि अमेरिकन स्वयंपाकघरांत तो रुजला. आपल्याकडे 'सपाट की शीग लावून' हे वहीत क्वचितच लिहिलेलं असतं, कारण शिकवणारी आणि शिकणारी एकाच ओट्याशी उभ्या असायच्या.

आणि आपल्याकडे माप हे मुळात जागेचंच. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ज्वारीच्या पायलीचं आणि तांदळाच्या पायलीचं वजन सारखं भरत नाही हे कुणाही शेतकऱ्याच्या घरात माहीत असतं. वजनाचा शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली तरी वह्या जुन्याच राहिल्या. तुमच्या आईच्या वहीत आजीकडून आलेलं मसाल्याचं पान असेल तर त्यात छटाक आणि तोळा सापडेल. तिथे मात्र हिशोब नेमका आहे: तोळा ११.६६ ग्रॅम, छटाक पाच तोळ्यांची म्हणजे ५८ ग्रॅम. ते पान डोळे मिटून काट्यावर न्या. त्या पिढीनं मसाला चमच्यानं मोजला नाही, तागडीनं मोजला, आणि का, ते पुढे येतंच.

आता मोहन. सगळ्यात जास्त फराळ इथेच बिघडतो. 'चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन' असं लिहिलेलं असतं. चहाच्या चमच्यानं ते १४ मिली, पोह्याच्या चमच्यानं ३६, टेबलस्पूननं ६०, आणि तुमच्या तिथल्या टेबलस्पूननं ८०. अर्धा किलो भाजणीत १४ मिली मोहन घातलं तर चकली दातांना हरवते. ८० घातलं तर चकली कढईत सुटते आणि तेल फेसाळतं. मी अर्ध्या किलोला ५० ग्रॅम तेल घेते, साडेतीन टेबलस्पूनच्या थोडं वर. तुमची भाजणी वेगळी असेल तर पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे करा, पण ते ग्रॅममध्ये लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला कुठला चमचा घेतला होता हे आठवत नाही, ५० ग्रॅम आठवतं.

तुमची नानकटाई पसरते ती बहुधा अशीच, फक्त तुपामुळे. पातळ तुपाचा टेबलस्पून १३ ते १४ ग्रॅमचा. घट्ट, रवाळ तूप त्याच चमच्यानं उपसलं की वर डोंगर येतो आणि वजन सहज २० च्या वर जातं. आईनं 'दहा चमचे तूप' लिहिलं असेल तर एका वाचनात १३५ ग्रॅम आणि दुसऱ्या वाचनात २०० च्या पुढे. इतकं तूप त्या पिठाला झेपत नाही, गोळे भट्टीत बसतात. माझं प्रमाण मैदा २००, बेसन ५०, बारीक रवा २५, पिठीसाखर १२५, तूप १५० ग्रॅम आणि बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा सपाट. तूप पातळ असो की घट्ट, काट्यावर १५० म्हणजे १५०. मात्र फेसायला ते घट्टच हवं, ही वजनाची नाही, पोताची गोष्ट.

बघा, वरच्या यादीत सगळं ग्रॅममध्ये दिलं आणि बेकिंग पावडर चमच्यानं. विसरले नाही, मुद्दाम केलं. सगळं वजनावर न्यायचं तुमच्या मनात आहे, तिथे मी तुम्हाला थांबवणार आहे. घरातला काटा एक-एक ग्रॅम दाखवतो. पाव लहान चमचा सोडा म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. काटा १ दाखवेल, २ दाखवेल, कधी शून्यच दाखवेल. शिवाय यातले बरेच काटे थोडं थोडं हळू टाकलं की हललेला आकडा वाऱ्याचा समजून पुन्हा शून्यावर आणतात. तुम्ही चिमटी-चिमटीनं तीन ग्रॅम टाकता आणि पडद्यावर १. एका विद्यार्थिनीनं असाच ढोकळ्यात सोडा 'वजनानं' घातला आणि हळदीमुळे ढोकळ्यावर लाल ठिपके उमटले. हळद आणि सोडा भेटले की लाल रंग येतोच, सोडा जास्त झाल्याची ती घरगुती पावतीच. तेव्हा ५ ग्रॅमच्या खाली मापाचा सपाट चमचा काट्यापेक्षा जास्त भरवशाचा. ५ ग्रॅमच्या वर काटाच बरा.

मोठ्या ऑर्डरीसाठी हे छोटे जिन्नस मोजावेच लागतात, तेव्हाचे आकडे ५ मिलीच्या सपाट चमच्याचे असे: खायचा सोडा जवळपास ५ ग्रॅम, बेकिंग पावडर ४ ते ५, इन्स्टंट यीस्ट ३, जिलेटीन ३, बारीक मीठ ६. फ्रूट सॉल्टची छोटी पुडी ५ ग्रॅमची असते, तिला साधारण एक चमचा धरून चाला. हे पडताळायचं असेल तर एक चमचा मोजू नका, दहा मोजा आणि दहानं भागा. काट्याची एका ग्रॅमची चूक दहांत वाटली जाते. सोनाराकडे असतो तसा छोटा, ०.१ ग्रॅमचा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. पाव-ब्रेड नियमित करत असाल तर घ्या, एरवी गरज नाही.

काटा खरा आहे का हेही एकदा बघा. इथे असताना मी दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघते, ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवीत. तुमच्याकडे नाणी नसतील तर सिरिंजनं मोजून १०० मिली पाणी घाला, १०० ग्रॅम दिसायला हवं.

मिठाबद्दल जरा थांबते, कारण इथे मी स्वतः तोंडावर पडले आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी कैरीचं लोणचं सासूबाईंच्या मापानं घातलं. चार वाट्या फोडी, एक वाटी मीठ. त्यांची वाटी, त्यांचा मसाला, सगळं तेच. लोणचं इतकं खारट झालं की आणखी दोन किलो कैऱ्या आणून त्यात ढकलल्या. त्या खडे मीठ वापरायच्या, मी पिशवीतलं बारीक मीठ घातलं होतं. खड्यांच्या मध्ये हवा राहते, बारीक मिठात ती राहत नाही. माझ्या काट्यावर बारीक मिठाचा लहान चमचा ६ ग्रॅम येतो आणि खडे मिठाचा ५ च्या आत. वाटीवर हा फरक मोठा होतो. अमेरिकन पाककृतीत कोशर मीठ, म्हणजे तिकडचं जाडसर मीठ, दिसलं तर आणखी सावध राहा: डायमंड क्रिस्टल या ब्रँडचा टीस्पून जेमतेम २.८ ग्रॅम भरतो आणि मॉर्टन या ब्रँडचा ४.८. तिथे 'एक टीस्पून' वाचून आपलं बारीक मीठ घातलंत तर पहिल्या बाबतीत दुपटीहून जास्त मीठ पडतं. ब्रेडला मी मैद्याच्या दोन टक्के मीठ धरते, अर्ध्या किलोला १० ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाच्या पावणेदोन लहान चमच्यांपेक्षा जरा कमी.

मसाल्यांत हीच गंमत दाण्याच्या आकारानं होते. लहान चमचा जिरे २ ग्रॅमच्या आसपास, धने त्याहून किंचित कमी, मेथ्या साडेतीनच्या वर, खसखस जवळपास ३, हळद ३, मिरपूड सव्वादोनच्या आसपास. धने पोकळ, मेथी भरीव. लोणच्याच्या मसाल्यात कुणी 'मेथी आणि धने समप्रमाणात' असं सांगितलं आणि तुम्ही ते चमच्यानं घेतलं, तर वजनात मेथी दुप्पट गेली आणि मसाला कडवट झाला. जुन्या वह्यांत मसाला तोळ्यांत लिहिलेला असतो तो यासाठीच. रोजच्या आमटीच्या गोड्या मसाल्याला मात्र काटा लावू नका. तिथे चव बघून हात चालतो आणि तो चालू द्यावा.

गुळाचं माप चमच्यानं सांगूच नये, या मताची मी आहे. किसलेला, चिरलेला, पावसाळ्यात पाघळलेला, प्रत्येकाचं वेगळं. तो थेट काट्यावर.

आणि मध किंवा काकवीसाठी चमचा वापरूच नका. भांडं काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, बाटली उपडी करा, २१ दिसलं की थांबा. चमच्याला चिकटून राहतं त्यातच दोन-तीन ग्रॅम जातात, शिवाय चमचा घासायचा वाचतो.

राहिली आईची वही. तिच्यासाठी माझा एकही आकडा वापरू नका, कारण तिचा 'मोठा चमचा' कुठला हे फक्त तिलाच माहीत. व्हिडिओ कॉलवर तिला म्हणा, नानकटाईला घेतेस तोच चमचा काढ आणि नेहमीसारखं तूप घे. ती कसं भरते ते बघा, शीग लावते की कडेला निपटते. मग शेजारच्या औषधाच्या दुकानातून सिरिंज मागवून तोच चमचा पाण्यानं भरायला लावा. आलेला आकडा वहीच्या त्या पानावर तिच्याच हातानं लिहून घ्या आणि फोटो मागवा. वाटीचंही तसंच करा, आणि ती म्हणाली की 'वाटी म्हणजे ती आमटीची, कानाकोपरा दबलेली', तर त्याच वाटीत पाणी घालायला सांगा, नव्या वाटीत नको.